टँकरच्या मारामारीचा ट्रेलर

ज्या माणसाची बोटं टँकरच्या पायरीवर ठेवून ठेचली, त्यानं कुणालाही मारलं नव्हतं, हे मला माहीत होतं. नंतर कधीतरी कळलं, असं नाही. बोटं ठेचली जात होती तेव्हाच माहीत होतं, आणि मी चार हातांवर उभा होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला एकदोनदा सांगायला बसलो, पण सुरुवात कुठून करायची तेच जमेना. मग विषय निघाला तो गॅस सिलिंडरचा.

आज लिहितोय, कारण बोलताना माझी जीभ ऐनवेळी दुसरंच काहीतरी बोलते. ते कसं, ते पुढं येईलच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही परळची खोली सोडून भाईंदर पश्चिमेला आलो त्याला काही वर्षं झाली होती. वडील कचेरीत जात. मी बी.कॉम. अर्धवट टाकून मीरा रोडच्या एका केबलवाल्याकडं लागलो होतो. त्याला सगळे शेठ म्हणत, मीही. पूनम सागरच्या बाजूला एका बिल्डिंगच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती. आत दोन व्हीसीआर, एक टीव्ही, वायरींचा गुंता, आणि मी. तिथून रोज रात्री नऊला आजूबाजूच्या घरांमध्ये पिक्चर जायचा. आपलं चॅनल म्हणायचे लोक त्याला. दिवसा मी वायरी तपासायचो, लग्नामुंजींची, पूजांची शूटिंग करायचो. आणि संध्याकाळी ट्रेलर बनवायचो.

धंदा मारामारीचा होता, हे आधीच सांगायला हवं. एका बिल्डिंगवर दोन केबलवाले आले की वायरी कापल्या जायच्या, आणि वायरी कापून भागलं नाही तर माणसं. आमच्या एका वायरमनला दुसऱ्या पार्टीच्या पोरांनी त्याच्याच वायरनं पाण्याच्या पाइपला बांधून पट्ट्यानं फोडला होता. चहा पिताना त्यानं शर्ट वर करून पाठ दाखवली. बकलाचे चौकोन उठले होते, काही फुटले होते. शेठ मला म्हणाला, "कलाकार, क्लोजअप ले इसका." आम्ही सगळे हसलो. तोही हसला, आणि हसताना पाठ ताणली म्हणून कळवळला, त्यावर पुन्हा हसलो. अशी आमची मंडळी.

ट्रेलर मला कुणी शिकवला नाही. भाड्याच्या कॅसेटच्या सुरुवातीला दुसऱ्या पिक्चरांचे ट्रेलर असायचे. लोक ते पुढं पळवायचे, मी तेवढेच बघायचो. पुन्हा मागं घेऊन, पुन्हा. हळूहळू कळलं, की सगळ्यांची रीत एकच आहे. हात वर उचललेला दाखवायचा, आणि लगेच कापायचं. मग पडलेला माणूस. मधला फटका दाखवायचाच नाही. तो बघणारा आपल्या डोक्यात स्वतः मारतो, आणि पडद्यावरच्यापेक्षा जोरात मारतो. फटक्याआधी क्षणभर काळा पडदा टाकला तर आणखी जोरात. किंकाळी एकीची, चेहरा दुसरीचा, चालतं. एका पिक्चरमध्ये नायिका पुराच्या पाण्याला भिऊन ओरडते. ती ओरड मी खलनायकाच्या हसण्यापुढं जोडली, आणि दुसऱ्या दिवशी खालचा किराणावाला मला विचारत होता की त्या बिचारीचं पुढं काय करतात. मुडदा दाखवायचा, मारेकरी झाकायचा. आणि ज्याच्यावर संशय यायला हवा, त्याचा चेहरा सगळ्यात शेवटी, थोडा जास्त वेळ ठेवायचा. त्यानं काही केलेलं असण्याची गरज नसते.

हे सगळं मी दोन व्हीसीआरवर, पॉज आणि रेकॉर्डची बटणं दाबून करायचो. जोड नीट बसला नाही की पडद्यावर पांढरी रेघ धावायची. आवाज माझाच, तेलाच्या रिकाम्या डब्यात तोंड घालून. "पाहा, आज रात्री." नया नगरातले, पूनम सागरचे, सगळीकडचे लोक माझा आवाज ओळखायचे, मला नाही. एक बाई तर शेठला म्हणाल्या होत्या, पिक्चरपेक्षा तुमचा ट्रेलर बरा असतो, पिक्चर बंद करा. शेठनं ते सगळीकडं सांगितलं. मीही सांगितलं, आईला.

तर आता ती मारामारी.

एका सोसायटीत सत्यनारायणाची वार्षिक पूजा होती, रविवारी. ए आणि बी, दोन विंग. पूजेला बी विंगमधले सेक्रेटरी आणि त्यांच्या बाई बसल्या होत्या. सेक्रेटरी पन्नाशी ओलांडलेले, किडकिडीत, अंगावर फक्त पीतांबर आणि उपरणं. मी खांद्यावर कॅमेरा घेऊन पूजा घेत होतो. दोन्ही टाक्या दोन दिवसांपासून कोरड्या होत्या. मीरा रोडला तेव्हा पाणी टँकरनं यायचं, आणि टँकर आला की माणसं पूजा, जेवण, झोप, जे काही चाललं असेल ते टाकून धावायची.

टँकरवाला जुन्या गावातला. त्यांची पूर्वी भातशेती होती, मिठागरात वाटा होता. बरीचशी जमीन विकली गेली, त्यातून त्यानं टँकर घेतला, आणि तो स्वतःच चालवायचा. आडवा, दांडगा माणूस, तोंडात कायम सुपारी. सोसायटीच्या लोकांना तो चिडवायचा, "आमचे शेतावर तुमची बिल्डिंग, न पानीपन आमचेच हिरीचा. आमी तुमचे घरी राहाला येवाचा बाकी हाव." बायका त्याला हसून शिव्या द्यायच्या. पोरांना तो टँकरच्या मागच्या शिडीवर चढू द्यायचा.

त्या दिवशी पाइप कुठल्या टाकीला लावायचा यावरून जुंपली. बी विंगच्या टाकीवर आचाऱ्यांचं काम अडलं होतं, पाहुणे यायचे होते. ए विंगमध्ये खजिनदार राहायचे. कुठल्याशा कंपनीत हिशेबनीस, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्यांची आई वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली, आणि तिला धुवायला दोन दिवस घरात पाणी नव्हतं. हे मला नंतर कळलं. त्यांनी पाइप ए कडं ओढला. सेक्रेटरी पूजेवरून उठून आले आणि त्यांनी तो बी कडं ओढला. पाइप हातातून सुटला, सापासारखा उसळला, आणि पाणी मातीत. तिथून पुढं माणसं माणसांसारखी राहिली नाहीत. एका बाईनं स्टीलची कळशी दुसरीच्या तोंडावर मारली, मी आवाज ऐकला, दाताचा की कळशीचा कळलं नाही. चिखलात दोन पुरुष एकमेकांच्या गळ्यात हात अडकवून लोळत होते. कुणाचा तरी अंबाडा कुणाच्या तरी मुठीत होता. प्रसादाची परात उलटून त्यावरून चपला जात होत्या.

कॅमेऱ्याच्या बारक्या भिंगातून सगळं काळंपांढरं दिसायचं. मी बंद केला नाही. पुढं सरकलो.

टँकरच्या मागं व्हॉल्व्ह उघडायचा लांब लोखंडी पाना आकड्याला अडकवलेला असायचा. खजिनदारांनी तो काढला. दोन्ही हातांनी डोक्यावर नेला आणि सेक्रेटरींच्या कानाच्या वर घातला. आवाज अगदी साधा आला, नारळ ओट्यावर आपटावा तसा. सेक्रेटरी गुडघ्यावर बसले, मग आडवे झाले. रक्त कानामागून गळ्यावर, उघड्या छातीवर, जानव्यावरून पीतांबरात. खजिनदारांनी पाना पुन्हा उचलला. तेवढ्यात टँकरवाल्यानं केबिनमधून उडी मारली, त्यांचं मनगट पिरगळलं आणि पाना हिसकावून घेतला. मग पडलेल्या माणसाच्या दोन बाजूंना पाय टाकून, पाना दोन्ही हातांत आडवा धरून, तो गर्दीवर ओरडत होता, मागं व्हा, मागं व्हा. कुणी सेक्रेटरींना तुडवू नये म्हणून. त्याचा चेहरा ताणलेला होता, तोंड उघडं, सुपारीनं लाल.

दुसरा दणका बसला असता तर सेक्रेटरी वाचले नसते. तो त्या माणसामुळं बसला नाही. हे सगळं, सुरुवातीपासून, माझ्या कॅसेटवर होतं. गर्दीत फार थोड्यांनी पाहिलं होतं. जे अगदी जवळ होते ते ए विंगमधले होते आणि ते गप्प बसले. सेक्रेटरींना टॉवेलात डोकं गुंडाळून रिक्षानं दवाखान्यात नेलं.

संध्याकाळी शेठनं कॅसेट पाहिली. दोनदा. म्हणाला, हे लोक जन्मात विसरणार नाहीत. मी विचारलं पोलिसांचं काय. तो म्हणाला, पोलिसांनाही घरी टीव्ही आहे. उद्या रात्री नऊला अख्खी दाखवायची, आणि आज पिक्चरच्या आधी ट्रेलर. "पण कलाकार, सब मत दिखा देना. आज ही सब दिखा दिया तो कल कौन देखेगा?"

ते मला सांगायची गरज नव्हती. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तो आधीच तयार होता.

आधी घंटा, आरती, सेक्रेटरींच्या बाईंचा हात जोडलेला चेहरा. मग पाइप उसळताना. कळशी. अंबाडा. मग नुसता पाना, आकाशावर काळा, वर जाताना. ह्या तुकड्यात खाली खजिनदारांचा चेहरा येत होता. मी बटण आधी दाबलं, चेहरा यायच्या आत. पुढं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो, की व्हीसीआर जोडताना थोडं मागंपुढं व्हायचाच, त्यात तो तुकडा गेला. तसं झालं नव्हतं. मी तो जागेवर कापला, कारण चेहरा दिसला की लोकांना उद्या बघायला काही उरत नाही. मग काळा पडदा, त्यावर फक्त पाणी वाहण्याचा आवाज. मग चिखलातलं रक्त, सेक्रेटरींची छाती. आणि शेवटी, सगळ्यात जास्त वेळ, पाना हातात धरून तोंड उघडलेला टँकरवाला. त्याचं "मागं व्हा" मी काढून टाकलं आणि तिथं एका बाईची किंकाळी घातली. डब्यात तोंड घालून म्हटलं, "पूजेच्या दिवशी रक्त कुणी सांडलं? पाहा, उद्या रात्री नऊ वाजता, फक्त आपल्या चॅनलवर."

एकही रेघ धावली नाही. सगळे जोड नीट बसले. मी आयुष्यात पुढं मोठ्या स्टुडिओत, मोठ्या यंत्रांवर काम केलं. इतका चांगला ट्रेलर पुन्हा जमला नाही, आणि हे लिहितानाही त्यातला एक भाग अभिमानाचा आहे, हे मला लपवता येत नाही.

तो पिक्चरच्या आधी लागला, मध्यंतरात लागला, पिक्चर संपल्यावर लागला.

सोमवारी सकाळी दूधवाला मला म्हणाला, तो टँकरवाला काय राक्षस आहे हो, म्हाताऱ्या माणसाला पूजेवरनं उठवून मारलं. तेव्हा मी एवढंच म्हणालो, रात्री बघा. त्या सोसायटीच्या गेटवर पोचेपर्यंत आणखी दोघांनी मला तेच सांगितलं. त्यातला एक तर रविवारी तिथंच होता, बी विंगचा. तो म्हणाला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, पाना वर गेला आणि खाली आला. त्याला मी बघितलं होतं, पाना वर गेला तेव्हा तो जिन्याखाली लपला होता. पण तो खोटं बोलत नव्हता. माझा ट्रेलर त्याला आठवत होता, आणि स्वतःची आठवण म्हणून आठवत होता.

मी तिथं गेलो होतो कारण बी विंगला चित्रात मुंग्या दिसताहेत अशी तक्रार होती. रात्री त्यांना सगळं स्वच्छ दिसावं, एवढ्यासाठी. खांद्यावर वायरीचं भेंडोळं होतं.

टँकर नेहमीच्या वेळेला आला. जुन्या गावात आमची केबल नव्हती. त्यानं काही पाहिलेलं नव्हतं. रविवारी एका माणसाचा जीव आपण वाचवला, एवढंच त्याला माहीत होतं. टँकर लावून तो खाली उतरला आणि समोर दिसले त्यांना त्यानं आधी सेक्रेटरींची तब्येत विचारली, "सायेब कसं हान आता?"

सेक्रेटरींचा धाकटा मुलगा पुढं आला आणि त्यानं हातातली क्रिकेटची दांडी सरळ त्याच्या तोंडावर मारली. वरचा ओठ फाटून नाकाकडं गेला. त्याला काय झालं तेच कळलं नाही. त्यानं हात वर केले, मारायला नाही, तोंड झाकायला. तोवर मागून कुणीतरी गुडघ्याच्या लवणीत लाथ घातली. तो दांडगा माणूस असा धपकन बसला की टँकरला डोकं आपटून पोकळ आवाज झाला. मग किती जण होते मला सांगता येणार नाही. चपलांनी, दांड्यांनी, एकानं सायकलच्या साखळीनं. साखळी कानावर बसली तेव्हा कानाची पाळी लोंबली. बाल्कन्यांमधून बायका ओरडत होत्या, सोडा असं नाही, मारा असं. कालपर्यंत ज्या त्याला हसून शिव्या द्यायच्या, त्याच.

तेवढ्यात त्यानं मला पाहिलं. फुटलेल्या तोंडानं, रक्त थुंकत, माझ्याकडं बोट दाखवून तो म्हणाला, "याला इचारा. याचेकडं सगला हाय. कॅमेरा व्हता याचा."

आणि खरंच, ते थांबले. हे मी विसरू शकत नाही. सगळे थांबले. धाकटा मुलगा माझ्याकडं वळला, छाती भात्यासारखी चाललेली, डोळे रडून लाल. त्याच्या मागं थोड्या अंतरावर खजिनदार उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून, ऑफिसला निघालेले. तेही माझ्याकडं बघत होते.

मुलानं विचारलं, "तू शूटिंग केलंस ना? ह्यानंच मारलं ना माझ्या बाबांना?"

मी म्हणालो, "रात्री नऊला लागणार आहे. सगळं त्यात आहे."

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. मुलगा म्हणाला, "रात्रीपर्यंत थांबायला इथं कोणाला वेळ आहे?" आणि वळला.

मला भीती वाटली होती का? वाटली होती. खजिनदार बघत होते म्हणून गप्प झालो का? थोडं तेही असेल. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की ते वाक्य माझ्या तोंडातून विचार न करता आलं. लोक विचारायचे आणि मी रोज तेच सांगायचो, मेला का, वाचला का, कोणी मारलं, रात्री नऊला कळेल. "नाही" हा एक शब्द होता. सगळे तो ऐकायला थांबले होते.

त्यांनी त्याला ओढत टँकरच्या मागच्या पायरीपाशी नेलं. जाळीची लोखंडी पायरी. एकानं मनगट दाबून धरलं, उजवं, आणि तोच पाना आकड्यावरून काढला. कुणीतरी म्हणालं, ह्याच हातानं ना. पहिला घाव मधल्या बोटांवर पडला. त्याचा आवाज मी लिहिणार नाही. तो माणूस ओरडला नाही, त्यानं श्वास आत ओढला आणि तो आतच राहिला. दुसऱ्या घावाला अंगठा वाचला आणि करंगळी गेली. तिसऱ्याला तो ओरडला, आईचं नाव घेऊन. पायरीच्या जाळीतून रक्त खाली ठिबकत होतं आणि व्हॉल्व्ह कुणाच्या तरी धक्क्यानं थोडा उघडला होता, म्हणून त्यात पाणीही मिसळत होतं. आणि बी विंगची एक बाई, खरं सांगतो, त्या गडबडीत बादली घेऊन आली आणि बघून परत गेली.

खजिनदार तेव्हा म्हणाले, "पुरे आता, सोडा त्याला." शांत आवाजात, सभेत बोलावं तसं. आणि त्यांनी त्याला सोडलं.

मी वायरीचं भेंडोळं तिथंच टाकून कंट्रोल रूमवर आलो. शेठला कळलंच होतं. तो म्हणाला, आज रात्री ती कॅसेट लावायची नाही, पोलिसांचं लफडं होणार, ठेव बाजूला. ठेव बाजूला म्हणाला तो. पुसून टाक असं म्हणाला नाही. इतकी वर्षं मी मनातल्या मनात शेठच्या तोंडी ते घालत आलोय, म्हणून इथं साफ लिहितो. शेठनं मला तसं कधीही सांगितलं नाही.

दुपारी तो जेवायला गेला. मी कॅसेट यंत्रात घातली आणि सुरुवातीपासून पाहिली. पाना वर गेला, खजिनदारांचा चेहरा आला, पाना खाली आला. टँकरवाल्यानं उडी मारली. हिसकावला. मागं व्हा, मागं व्हा. कुठंही शंका घ्यायला जागा नव्हती. कुणीही पाहिलं असतं तर दोन गोष्टी कळल्या असत्या, तो निर्दोष आहे, आणि हे मला कालपासून माहीत होतं. पहिलीपेक्षा दुसरीची मला जास्त भीती वाटली. मी ती परत सुरुवातीला नेली, दुसऱ्या यंत्रात पिक्चरची कॅसेट लावली आणि पहिल्यावर रेकॉर्डचं बटण दाबलं. टीव्हीवर गाणं चालू होतं, बागेतलं. त्याच्या खाली तो पुसला जात होता. मी पूर्ण वेळ बसून राहिलो, मध्ये उठलो नाही.

दोन दिवसांनी हवालदार आला. म्हणाला, शूटिंग केलं होतं म्हणतात. शेठनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, कॅमेऱ्याचं हेड खराब होतं, ट्रेलरपुरतं निघालं, बाकी सगळं गेलं. शेठनं नंतर मला काही विचारलं नाही. पाठीवर हात ठेवला फक्त. त्याला वाटलं, मी त्याच्यासाठी केलं.

खजिनदार एकदा रस्त्यात भेटले. त्यांनी विचारलं, सगळं गेलं म्हणता? मी म्हटलं, गेलं. बहुतेक त्यांना काही बोलायचं होतं. मग म्हणाले, आईला आता बरं आहे. आणि गेले.

केस दोन्हीकडून झाली. टँकरवाल्याच्या गावातली माणसं ट्रक भरून आली होती, सोसायटीच्या काचा फुटल्या, तिथल्या दोघांची डोकी. बोटं ठेचणाऱ्यांवर गुन्हा, आणि टँकरवाल्यावर सेक्रेटरींना मारल्याचा. कोर्टात वर्षं गेली आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तडजोड झाली. तडजोडीत त्याला कबूल करावं लागलं, की पाना त्यानं रागाच्या भरात मारला. न मारलेला फटका त्यानं स्वतःच्या नावावर घेतला, कारण वकिलानं सांगितलं त्याशिवाय सुटका नाही. तोवर टँकर विकला गेला होता. उजव्या हाताला अंगठा आणि तर्जनी तेवढी कामाची राहिली होती, त्या हातानं स्टिअरिंग धरता येईना.

मी अंधेरीला एका स्टुडिओत लागलो. मालिकांचे, सिनेमांचे ट्रेलर कापले, पुढं शिकवायलाही लागलो. नव्या मुलांना सांगायचो, फटका दाखवू नका. ती लिहून घ्यायची.

पुढं काही वर्षांनी, त्याच दशकाच्या अखेरीस, भाईंदर पश्चिमेला एका नव्या बिल्डिंगमध्ये मित्राकडं गेलो. गेटवर वॉचमनच्या खुर्चीत तो होता. केस पांढरे, ओठावर नाकापर्यंत गेलेली पांढरी शिवण. त्यानं मला लगेच ओळखलं. मला वाटलं उठेल, धरेल. त्यानं डाव्या हातानं गेट उघडलं आणि चौकशी केली, कुठं असता, लगीन झाला का. मग म्हणाला, "ती फिलम लागली का रं कदी?"

मी म्हणालो, "खराब झाली होती."

"हां," तो म्हणाला. "मना वाटला व्हता, कदी ना कदी लागल. मी पोरांना सांगून ठेवला व्हता." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी टोमणा शोधत होतो. असता तर बरं झालं असतं.

मित्राच्या घरी मी चहा घेतला, गप्पा मारल्या. परत येताना दुसऱ्या गेटनं बाहेर पडलो.

सेक्रेटरी आता नाहीत. डोक्याच्या जखमेतून ते वाचले, नंतर कधीतरी साध्या आजारानं गेले. कोणी मारलं हे त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि ट्रेलरमधलंच त्यांनी शेवटपर्यंत खरं मानलं. खजिनदारही गेले. शेठचा पत्ता नाही. म्हणजे ज्यांच्या रागाला मी भ्यायलो असतो त्यातलं फारसं कुणी उरलेलं नाही, आणि मी आत्ता बोलतोय. यात धीटपणा काही नाही, हे मला कळतं.

टँकरवाला आहे. खूप थकलाय, जुन्या गावात मुलाकडं असतो. त्याचा नातू कुठल्याशा कॉलेजात आहे, असं ऐकलं. त्या घरात आजोबांनी एका माणसाचं डोकं फोडलं होतं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. कोर्टात त्यांनी कबूलच केलंय. त्यांनी डोकं फोडलं नाही, फोडणाऱ्याच्या हातातून पाना काढून घेतला, हे सांगू शकेल असा माणूस माझ्या माहितीत आता मी एकटाच आहे, आणि पुरावा मी पुसलाय. माझा शब्द तेवढा आहे, आणि तो लोक मानतील की नाही मला माहीत नाही.

मी त्याला एवढं देणं लागतो: त्याच्या घरी जाऊन, त्याच्या मुलानातवांसमोर, आणि मग त्या सोसायटीच्या आवारात सेक्रेटरींच्या मुलांसमोर, मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं, की ह्यानं मारलं नव्हतं. ते मी अजून दिलेलं नाही.